पेरते व्हा, पण कधी?

२०२५ साली २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. पंचांगात रोहिणी नुकतीच लागली होती, मृगाला अजून बारा-तेरा दिवस होते. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात मे महिन्यातच रानं भिजली, मशागती अडल्या, आणि पारापारावर एकच चर्चा सुरू झाली : आता पेरायचं का? कृषी खात्याने सांगितलं, घाई करू नका. झालंही तसंच. महिनाअखेरीला पाऊस होता तिथेच थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकला नाही.

त्याआधी दोनच वर्षं, २०२३ मध्ये, नेमकं उलट घडलं होतं. त्या वर्षी तो मुंबईत पोचला २५ जूनला. त्याच दिवशी दिल्लीतही पोचला. दोन्ही शहरांत एकाच दिवशी मोसमी पाऊस येणं १९६१ नंतर पहिल्यांदाच घडत होतं. मृग कोरडा गेला, आर्द्रा लागून तीन-चार दिवस झाले, तेव्हा कुठे आभाळ भरून आलं.

गाव तेच, रान तेच, आणि दोन वर्षांच्या अंतराने पावसाच्या तारखेत तब्बल महिन्याचा फरक. अशा पावसावर बी टाकायचं तर कशाच्या भरवशावर? हवामान खातं नव्हतं तेव्हापासून शेतकरी या प्रश्नाचं उत्तर शोधत आला आहे. ते त्याने आकाशातल्या नक्षत्रांत शोधलं, पक्ष्यांच्या बोलीत शोधलं, झाडांच्या फुलोऱ्यात आणि मातीतल्या किड्यांत शोधलं. त्यातले काही संकेत आजच्या विज्ञानालाही पटतात, काही पटत नाहीत. कोणता संकेत नेमकं काय सांगतो, हे नीट पाहिलं की दोन्हींची कारणं उलगडत जातात.

युरोप-अमेरिकेतल्या शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी धास्ती असते ती उशिरा पडणाऱ्या दहिवराची. कोवळं रोप एका रात्रीत करपतं, म्हणून तिथले संकेत थंडी सरली का, एवढंच विचारतात. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची धास्ती वेगळी आहे. पहिला पाऊस येईल, बी उगवेल आणि मग पाऊस पाठ फिरवेल, ही ती धास्ती. सोयाबीनच्या बियाला रुजण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी शोषून घ्यावं लागतं. वरच्या दोन बोटं ओलीवर ते फुगतं, त्याला मोड येतो, मूळ खाली सरकतं आणि तिथे कोरडी ढेकळं लागली की वाळून जातं. एकदा मोड आलेल्या बियाला पुन्हा झोपी जाता येत नाही. मग दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि हातातून गेलेले पंधरा दिवस कुठूनच परत मिळत नाहीत. थांबून राहावं तर तेही महागात पडतं, कारण मूग-उडदासारखी कमी दिवसांची पिकं उशिरा पेरली की उतारा घटतो. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विद्यापीठं दरवर्षी देतात.

पावसाचं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत सोपं वेळापत्रक नक्षत्रांचं. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो, एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. २५ मेच्या सुमारास रोहिणी, ७ किंवा ८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा. पुढे पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषाचा आसळका. ही नावं घेत घेत शेतकऱ्याच्या घरात पावसाळ्याचे चार महिने मोजले जातात. प्रत्येक नक्षत्राला पंचांग एक वाहनही देतं. बेडूक, म्हैस, हत्ती आला की पाऊस चांगला, गाढव किंवा उंदीर आला की बेताचा, असा समज. हे वाहन गणिताने ठरतं : सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊने भागून उरेल ती बाकी पाहायची. या गणितात वारा, ढग, समुद्र यांतलं काहीच येत नाही. रत्नागिरीला आणि जतला वाहन एकच, पाऊस मात्र एकाच्या कितीतरी पट दुसरा.

नक्षत्रांच्या तारखांची एक गंमत पंचांगात सहसा लिहिलेली नसते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डोलतो. त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा. त्यामुळे ताऱ्यांवर बांधलेलं वेळापत्रक ऋतूंच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतं. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ लिहिली तेव्हा सूर्य मृगात शिरायचा तो आजच्या दिनदर्शिकेनुसार मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. शिवकाळात ती तारीख जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत आली. आज ती ७-८ जून आहे आणि महाराष्ट्रात पाऊस पोचण्याच्या सरासरी तारखेशी तिचा छान मेळ बसतो. मृग आणि पेरणी ही जोडी आपल्याला अनादि काळापासूनची वाटते; पण ती इतकी घट्ट जुळली ती अलीकडच्या काही शतकांत. आणखी हजार वर्षांनी मृग लागेल तेव्हा जून संपायला आठवडाभरच उरलेला असेल.

ठरलेली तारीख अशी सरकत जाते, हा अनुभव फक्त आपलाच नाही. मध्य युरोपात ११ ते १५ मे या दिवसांना ‘हिमसंत’ म्हणतात. ज्या संतांचे हे स्मृतिदिन, ते उलटल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर लावायची नाहीत, अशी तिथल्या बागायतदारांची रीत. पण १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी दिनदर्शिका सुधारली आणि दहा दिवस गाळले. संतांच्या तारखा कागदावर त्याच राहिल्या, ऋतूच्या हिशेबात मात्र दहा दिवस अलीकडे आल्या.

वराहमिहिराच्या ग्रंथात पावसावर बरीच प्रकरणं आहेत. मेघांना गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनी पाऊस जन्म घेतो, असा त्यात विचार आहे. कोणत्या झाडाला किती फुलं-फळं आली त्यावरून कोणतं धान्य पिकेल हे सांगणारं ‘कुसुमलता’ नावाचं प्रकरणही आहे. त्याही आधी कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठाराजवळ पर्जन्य मोजायचं कुंड ठेवायला सांगितलं आहे आणि प्रदेशवार पावसाची मापं दिली आहेत. त्यात अपरांताचा, म्हणजे कोकणाचा पाऊस ‘अमित’ म्हटला आहे. मोजता न येणारा!

हा एक शब्द महाराष्ट्राची शेती समजून घ्यायला उपयोगी पडतो. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एकदा सुरू झाला की सहसा दगा देत नाही. म्हणून सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा शेतकरी रोहिणीतच कोरड्या मातीत भाताची धूळवाफ पेरणी करू शकतो. तिथे तारखेवर विसंबलं तरी चालतं. माण, जत, आटपाडी या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही तुटक. तिथे तीच तारीख पाळून बी टाकणारा माणूस मोठी जोखीम पत्करत असतो.

तारखेपेक्षा जिवंत संकेत जवळचे वाटतात, आणि त्यांत पहिला मान पावशाचा. शिक्र्यासारखा दिसणारा हा राखाडी पक्षी कोकिळेच्या कुळातला आहे. मराठी कानांना त्याची हाक ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ अशी ऐकू येते. हिंदी भाषकांना तीच ‘पी कहाँ’ वाटते, इंग्रजांनी तिच्यात मेंदूच्या तापाचं नाव ऐकलं. हाक नराची असते, मादीसाठी. हा पक्षी घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. सातभाईंना पिलं वाढवायला अळ्या-किडे हवेत, ते मुबलक होतात पावसाच्या आगेमागे. म्हणून पावशा उन्हाळ्यात बोलू लागतो आणि पाऊस जवळ येईल तसा दिवसरात्र ओरडतो. ऋतू बदलतो आहे, ही त्याची बातमी खरी आहे. मात्र तो मार्च-एप्रिलपासूनच बोलायला लागतो, त्यामुळे पेरणीचा दिवस काही त्याच्या हाकेवरून ठरत नाही.

चातकाची गोष्ट निराळी. काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतो, तोही मोसमी वाऱ्यांच्या साथीने. मध्य आणि उत्तर भारतात तो मेच्या अखेरीपासून दिसू लागतो. पाऊस ज्या वाऱ्यांवर येतो त्याच वाऱ्यांवर चातक येतो, म्हणून त्याच्या येण्यातून वाऱ्याची खबर मिळते.

टिटवीबद्दलची समजूत मात्र तपासून घ्यावी लागते. टिटवीने चार अंडी घातली तर चार महिने पाऊस, तीन घातली तर तीन महिने, असं सांगतात. अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस जास्त, नदीपात्रात असली तर कमी, असंही सांगतात. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते, निमुळती टोकं आत करून मांडते, आणि त्यांची संख्या बहुतेक वेळा चारच असते. दुष्काळी वर्षातही चारच. कावळ्याने आंब्याच्या भक्कम बेचक्यात घरटं केलं तर पाऊस चांगला, काटेरी झाडावर केलं तर दुष्काळ, हाही सर्वदूर ऐकू येणारा संकेत. कावळे मे-जूनमध्ये घरटी बांधतात, म्हणून पावसाशी त्यांची सांगड घातली गेली. पुढच्या चार महिन्यांचा पाऊस त्यांना आधी कळतो, याला मात्र पुरावा नाही. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत रानातल्या माणसांकडून असे अनेक संकेत ऐकले आणि मराठीत लिहून ठेवले. कोणते खरे, कोणते नाहीत, हे ठरवण्याआधी ते जपून ठेवणं गरजेचं होतं, आणि ते मोठं काम त्यांनी केलं.

बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, हा हिशेब बऱ्याच भागांत सांगतात. केरळात एप्रिलच्या मध्यावर विषु सणाला बहाव्याची फुलं लागतात आणि तिथे पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख १ जून. म्हणजे हिशेब जवळपास जुळतो. महाराष्ट्रात बहावा एप्रिलअखेर ते मेमध्ये बहरतो, पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, इथेही जुळतो. पण दरवर्षी ठरावीक सुमारास घडणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी सरासरीने एकमेकींशी जुळतातच. खरी कसोटी लागते ती पाऊस महिनाभर आधी किंवा नंतर येतो त्या वर्षी. बहाव्याचा फुलोरा झाडाने सोसलेल्या उन्हाळ्याची नोंद असते, येणाऱ्या पावसाचं वचन नसतं.

वर्षभराच्या भविष्याची महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध रीत म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मातीची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, आणि पापड-कुरडई-करंजीसारखे पदार्थ. रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं धान्य कुठे सरकलं ते पाहून भाकीत सांगितलं जातं आणि ते ऐकायला विदर्भ-खानदेशातून लोक जमतात. घागरीतलं पाणी ढेकळात कसं मुरलं, याचा अरबी समुद्रावरच्या वाऱ्याशी संबंध लागत नाही. पण हंगामाच्या तोंडाशी शेकडो शेतकरी एकत्र येऊन यंदा काय पेरायचं याचा विचार करतात, हे त्या माळावर पाहायला मिळतं.

आणि मग येतात मातीतले संकेत.

पहिला दमदार पाऊस होऊन ऊन पडलं की बांधावर, पायवाटेच्या कडेला लालभडक मखमलीचे ठिपके चालताना दिसतात. मृगाचा किडा. तळहातावर घेतला तर अंग मऊ लागतं आणि तो पाय आखडून मण्यासारखा निपचित पडतो. थोड्या वेळाने एकेक पाय बाहेर काढतो. पाय मोजले तर आठ भरतात, म्हणजे हा कीटक नाही, कोळ्या-गोचिडांच्या कुळातला जीव आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीत खोल दडून असतो. बाहेर येतो तो जमीन त्याच्या थरापर्यंत भिजली की. त्याच सुमारास वाळवीला पंख फुटून ती वारुळातून उडते, आणि मृगाच्या किड्याचं मुख्य अन्न तीच वाळवी. त्याची पिलं नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगावर वाढतात. काही दिवसांत हा लाल बाजार मोडतो आणि किडे पुन्हा जमिनीत जातात.

पावशा ऋतूची हाक देतो. मृगाचा किडा त्याच्या पायाखालच्या जमिनीचं माप देतो. ठाणे-पालघरच्या बाजारात आदिवासी बाया पहिल्या सरींबरोबर शेवळं घेऊन बसतात, तेही असंच माप. सुरणाच्या कुळातला हा कंद मातीला ओल लागल्याशिवाय कोंब वर काढत नाही. ओढ्याला पहिला लोंढा आला की कोकणात वलगणीचे मासे उलटे चढून भातखाचरांत शिरतात, मोठे बेडूक पिवळेधमक होऊन डबक्यात डराव डराव करू लागतात. हे जीव पुढचं भविष्य सांगत नाहीत, झालेला पाऊस मोजतात. म्हणूनच ते सहसा चुकत नाहीत.

दुनियेतले टिकलेले संकेतही याच जातीचे आहेत. ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की मका लावायचा, हे उत्तर अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांकडून शिकल्याचं सांगतात. झाडाने साठवलेली ऊब पानाच्या आकारातून दिसते आणि मक्याच्या बियालाही तीच ऊब हवी असते. जपानमधल्या हाकुबा गावाजवळच्या डोंगरावर बर्फ वितळताना उघड्या पडलेल्या खडकांतून घोड्याची आकृती दिसते. ती दिसली की भातखाचरात चिखलणी सुरू करायची. गावाच्या नावाचं मूळही त्या घोड्यात आहे.

पण मृगाचा किडाही अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर देतो. जमीन भिजली आहे का, हे तो सांगतो. पाऊस टिकेल का, हे त्याला ठाऊक नसतं. जोरदार वळीव झाला तरी वाळवी उडते आणि डबकी गाजतात. टिकेल का, याचं उत्तर हवेत असतं, आणि जुनी माणसं त्यासाठी वारा पाहत. दुपारी उकडून, वावटळ उठवून, विजा कडाडत येतो तो वळीव. एका शिवारात झोडपतो, शेजारच्या शिवारात धूळ तशीच. पश्चिमेचा वारा दिवसरात्र लागून राहिला, ढग खाली उतरले, गडगडाट कमी होऊन झिमझिम लांबली, की मोसमी. हवामान खातं केरळात पाऊस आल्याचं जाहीर करतं तेव्हा तेही वारा पाहतं. ठरवून दिलेल्या चौदा केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस लागतोच, शिवाय पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत पोचलेले असावे लागतात आणि ढगांचं आवरण दाट आहे हे उपग्रहाच्या मोजणीतून दिसावं लागतं. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा जिल्हावार अंदाज आणि कृषी सल्ला निघतो, २०१९ मध्ये आलेल्या ‘मेघदूत’ अ‍ॅपवर तो मोबाइलवरही मिळतो. पूर्वी जे फक्त वाऱ्यावरून ताडावं लागे, त्याला आता मोजमापाचा आधार मिळाला आहे.

उरतं ते शेतकऱ्याच्या हातातलं काम. आठ-दहा दिवस आधी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि मोड आलेले मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणं चांगलं. पाऊस उघडला की खुरपं घेऊन रानात जायचं आणि एकाच जागी न उकरता खोलगट भागात, मध्यावर आणि वरच्या अंगाला, असं तीन ठिकाणी उकरायचं. वरून आलेली ओल खालच्या ओलीला भिडली का ते पाहायचं, त्याला ‘ओलीला ओल लागली’ म्हणतात. मग मूठभर माती दाबून लाडू वळायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. चिकटून पडला तर रान अजून ओलं आहे, तिफण चालणार नाही. वळलाच नाही तर ओल पुरेशी नाही. नीट वळला आणि पडताच फुटून विखुरला, तर वापसा आला.

जूनच्या एखाद्या सकाळी मराठवाड्यातल्या कुठल्याही शिवारात हे चित्र दिसतं. खालच्या अंगाचा लाडू छान फुटतो, मधलाही फुटतो. वरच्या अंगाला खुरपं वीतभर जातं आणि खण्णकन वाजतं. तिथली माती मुठीतून भुरभुर गळते. बांधावरच्या लिंबात पावशा ओरडत असतो. शेतकरी हात झटकतो, चाडं सोडून ठेवतो आणि तिफण पुन्हा गोठ्याच्या भिंतीला टेकवून येतो, पुढच्या पावसापर्यंत.